एका कुलपाला दोन किल्ल्या

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी आणि शाईचे डाग! एवढंच कळलं की बोटं सुजलीत, किल्ली घासताना कानस हातातून निसटते आणि डॉक्टरांनी सांधेदुखीची गोळी बदलली. आधीच्या गोळीने पोटात आग पडत होती, हे मला आत्ता सांगतोस? वर लिहितोस, काळजी करू नकोस. काळजी म्हणजे काय नळ आहे, बंद म्हटलं की बंद?

पुन्हा तेच विचारते, चिडू नकोस. वहिनी गेल्यापासून तू एकटा. घराची एक जादा किल्ली मला नाहीतर खालच्या शिंपीभाऊंना देऊन ठेव. गावभर किल्ल्या वाटत फिरतोस आणि स्वतःच्या दाराची म्हटलं की म्हणे, मी बनवलेल्या कुलपाला दुसरी किल्ली झाली तर ते कुलूप कसलं! हे ऐकलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

माझा गुडघा बोंबलतोय. वाचनालयाची शिडी चढताना असा कटकट वाजतो की वाचणारे माना वर करून बघतात.

कळावे. लोभ आहेच, किल्ली नाही. ती पाठव.

तुझी
भिंगरी


ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

किल्लीचं तुणतुणं पुरे. इथे मला मूठ वळत नाही आणि तुला दाराची पडलीय. बटण शिवायला शिंप्याला लागत नाही तेवढा वेळ मला ते लावायला लागतो. परवा एका बाईंची किल्ली दोनदा बिघडवली. तरी बाईंनी पुरे पैसे मोजले, तेच जास्त लागलं. ज्या हातांवर जन्म काढला, त्यांचाच आता राग येतो. त्यात शाळेच्या सगळ्या खोल्यांची कुलपं बसवायचं काम अंगावर घेतलंय. ते गेलं तर लोक म्हणतील, म्हातारा संपला.

पण मी तोड काढलीय. डॉक्टर म्हणाले जुनी गोळी बंद, नवी घ्या. अगं, अख्खं पाकीट शिल्लक! मी गंजकी किल्ली कधी फेकली नाही, कुठल्या ना कुठल्या कुलपाला लागतेच. तर सकाळी चहाबरोबर जुनी, रात्री नवी. हट्टी कुलूप एका किल्लीला दाद देत नसेल तर दुसरीही घालून बघावी. पोटासाठी म्हणून आणखी एक दिली होती, पण आता पोट दुखत नाही, मग ती कशाला? हृदयाची छोटी गोळी मात्र इमानाने घेतो. पाकिटातून गोळी काढताना बोटं रडतात, म्हणून सगळ्या एकदम सोडवून स्प्रिंगांच्या खणांत ओतून ठेवल्यात. बूट तेवढे आटलेत, पाय शिरत नाही.

तुझ्या गुडघ्यासाठी दोन्हीतल्या थोड्या डबीत घालून पाठवतोय. घे आणि शिडी चढ.

जपून राहा. गुडघ्याला माझा आशीर्वाद वेगळा.

तुझा
दादा


ता. १७ मार्च

ती. दादास,
नमस्कार तुला, आणि तुझ्या अकलेला लांबूनच.

डबी मिळाली. तोंडात टाकणारच होते, पण माझी ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे म्हणून आधी औषधाच्या दुकानातल्या बाईंना दाखवली. त्यांनी गोळ्यांवरची अक्षरं वाचली आणि विचारलं की या दोन्ही कुणी एकत्र घेत नाही ना. मी तुझं पत्रच पुढे केलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या आहेत, दादा. दोन घेतल्या म्हणून दुखणं दुप्पट पळत नाही, अपाय मात्र वाढतो. पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो, पाय सुजतात. तुझे बूट आटले नाहीत रे, पाय सुजलेत! त्यात हृदयाची गोळी रक्त पातळ करणारी. पोट दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. न दुखता रक्त जाऊ शकतं. ही औषधं कमीत कमी आणि गरजेपुरतेच दिवस, जेवणानंतर, डॉक्टर सांगतील तशीच घ्यायची. आणि दुसऱ्याला वाटायची तर मुळीच नाहीत. ब्लडप्रेशरवाल्या बहिणीला तर नाहीच नाही.

हेच लगेच फोन करून सांगितलं तेव्हा तू हो हो म्हणालास. तुझं हो हो मी लहानपणापासून ओळखते, म्हणून लिहितेय. जुनी गोळी आजच बंद कर. खणांसकट डॉक्टरांकडे जा. हृदयाची गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घटकाभरही थांबू नकोस, सरळ दवाखाना गाठ. तुला सांगून सांगून माझी जीभ झिजली. आणखी काय करू, सांग ना!

लोभ असो वा नसो, औषधाची शुद्ध असावी.

भिंगरी


ता. ९ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. या वेळी जरा ओशाळून.

तू इथे राहून दवाखान्याच्या खेपा घातल्यास, मला पेज भरवलीस, तरी मी एक गोष्ट बोललो नाही. समोर बसून जमेना. तुझं पत्र मला वेळेत मिळालं होतं. वाचलं, चिडलो आणि कामाच्या टेबलावर कानशीखाली दाबून ठेवलं. शाळेची शेवटची कुलपं बसेपर्यंत दोन्ही घ्यायच्या, मग बघू, असं ठरवलं. काळं झालेलंही दिसलं होतं. म्हटलं, काहीतरी खाण्यात आलं असेल.

मग सकाळी उठलो आणि दारापाशीच कोसळलो. शुद्ध होती गं. धप्प आवाज ऐकून खालून आलेला शिंपी दारापलीकडून हाका मारत होता, दार ढकलत होता, कुणाला तरी हत्यारं आणायला पिटाळत होता. मी आत पडून माझं कुलूप ऐकत होतो. कशालाच दाद देईना. जन्मभर त्याचा तोरा मिरवला, आणि तेव्हा मनात एकच, की मेलं एकदाचं उघडू दे. शेवटी चौकट उखडली. कुलूप शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर रक्त चढवूनही उपयोग नव्हता.

त्या गोळ्या आता कायमच्या बंद. दुसरं औषध आहे, शेक आहे, बोटांचे व्यायाम आहेत. दुखणं जागच्या जागी, चिडचिड जागच्या जागी. शाळेचं काम दुसऱ्याने पुरं केलं. लोक म्हणायचं ते म्हणतात. खण रिकामे केले, गोळ्या आता पाकिटातच असतात, आणि पाकीट शिंपी फोडून देतो. लाज वाटते, पण घेतो.

सोबत किल्ली आहे. मीच घासली. दात वाकडे आलेत. अशी किल्ली मी गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिली नसती. फिरवताना जराशी वर उचलून धर, म्हणजे लागते. एक शिंप्याकडेही दिलीय, ती तर याहून वाकडी.

लोभ आहे, तो राहू दे. आणि मी फोन उचलला नाही तर पत्र लिहीत बसू नकोस. दार उघड.

तुझा
दादा