पान सात

सुदामा नगर, इंदूर
११ जुलै २०२५

चि. मधुरिमा,

पुण्यात तुझं बरं चाललं असेल. इथे आम्ही आहोत तसेच आहोत. माझा डावा गुडघा अजून कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात चाला, गुडघा म्हणतो बस, आणि मी गुडघ्याचं ऐकते. परवा विक्रम येऊन गेला. त्याचं, म्हणजे तुझ्या पप्पांचं, बीपी ठीक आहे, पण शेव सुटत नाही. वहिनीनं डबा लपवला तर म्हणाला, "इंदौरमध्ये राहून शेव नहीं खायची, तो काय दिल्लीला जाऊन खाऊ?" मी धाकट्या भावाला रागवायचं म्हणून रागावले, आणि निघताना पुडी हातात दिली.

वरच्या खोलीत ईशा नावाची मुलगी भाड्यानं राहायला आलीय. देवासची, आपल्यातलीच, भंवरकुआंला क्लासला जाते. काल जिन्यावरून ओरडली, "काकू, पानी आ गया, मोटर चालू करून देऊ का?" पूर्वीची मी असते तर आधी वाक्य दुरुस्त केलं असतं, मग मोटर. आता नुसतं "कर गं" म्हटलं. शाळेतलं मराठी माध्यम बंद होऊन चार वर्षं झाली. एकतीस वर्षं ज्या वर्गात मी लाल पेन चालवलं, तिथे आता योगासनं चालतात.

बघ, एवढं लिहिलं आणि तू विचारलंस त्याचं उत्तर यात नाहीच.

आठ दिवसांपूर्वी तुझा मेसेज आला. रविवारच्या कथालेखनाच्या वर्गाला तू नाव घातलंयस, त्यांनी प्रत्येकाला आपलं जुनं लेखन घेऊन यायला सांगितलंय. "आत्या, माझ्या कथांच्या मूळ वह्या तुझ्याकडेच आहेत ना? गणपतीला येईन तेव्हा घेऊन जाईन." मी नुसते जोडलेले हात पाठवले. तू पुन्हा विचारलंस. मी वाचलं हे निळ्या खुणांवरून तुला कळलंही असेल. मी फोन पालथा घालून ठेवला आणि वाल सोलत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. म्हणून आता हा कागद.

वह्या नाहीत, मधू. घराला रंग दिला तेव्हा माळ्यावरचं सगळं काढलं, त्यात गेल्या.

माझ्या अक्षरातल्या प्रती आहेत. सातही कथा आहेत. सोबत पाठवते. पण त्या वर्गात नेऊन तुझा काही फायदा नाही, आणि का नाही ते मलाच सांगायला हवं.

तू पहिली कथा घेऊन आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. एम.कॉम.चं पहिलं वर्ष. चप्पल काढायच्या आधीच वही उघडलीस. "आत्या, बैठ ना, सुन तर. जमतंय का बघ." मी बसले, पण पेन घेऊन बसले. दुसऱ्याच ओळीला तुला थांबवलं.

"मधू, 'मालूम' काय? 'ठाऊक' म्हण."

"पर आत्या, मम्मी असंच बोलते ना."

"ती स्वयंपाकघरात बोलते. पुण्यात हे कोण छापेल? म्हणतील, इंदूरकरांना अजून मराठी येत नाही."

तू वही माझ्याकडे सरकवलीस. मग म्हणालीस, "ठीक है, तूच करून दे. तुझी मराठी सॉलिड आहे."

मला केवढं बरं वाटलं होतं! होळकरांच्या दफ्तरात पत्रं लिहिणाऱ्या पणजोबांचं रक्त म्हणून मी स्वतःला मिरवायची. मग काय, हात धुऊन मागे लागले. नुसते शब्द बदलले असते तरी चाललं असतं. मी तुझी माणसंच बदलली. पोह्यांच्या ठेल्यावर कडाकडा भांडणारे दोन भाऊ मी घरात आणून चहा प्यायला बसवले. ताट भिरकावणारी बायको होती, तिला दीर्घ निःश्वास सोडायला लावला. सातव्या कथेतल्या बापाची नोकरी गेलेली होती, त्याला मी निवृत्त मुख्याध्यापक केलं. तू विचारलंस, "आत्या, हा कौन आहे?" मी म्हटलं, "साहित्यात असंच असतं."

पप्पांना कळू नये म्हणून पत्ता माझा द्यायचा, हे तुझंच म्हणणं होतं. दिवाळी अंकांना कथा जायच्या, माझ्या अक्षरात, आणि माझ्याच दारात परत यायच्या. सहा आल्या. तू दर वेळी खांदे उडवायचीस, "कोई बात नाही, नेक्स्ट." पण चौथ्या-पाचव्यापासून ते 'नेक्स्ट' बारीक व्हायला लागलं होतं. मला ऐकू येत होतं.

सातवी पाठवली ती २०१७ साली. पोहोचवायची शेवटची तारीख अगदी अंगावर आलेली, आणि त्यात दुपारभर पाहुणे. सहा पानं सुधारून झाली होती, सातवं शेवटचं राहिलं. ते मी पोस्टात उभ्या उभ्या, खिडकी बंद व्हायच्या धास्तीनं, जसंच्या तसं उतरवलं. काय उतरवते आहे ते वाचलंसुद्धा नाही.

महिन्याभरानं कथा परत आली आणि तिच्यासोबत एक कार्ड. त्या अंकाच्या संपादक शशिकलाबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. ते पाकिटात घातलं आहे. तरी इथे उतरवते, मला स्वतःच्या हातानं एकदा ते लिहायचं आहे:

"कथा परत पाठवत आहे. भाषा निर्दोष आहे, आणि तीच अडचण आहे. यातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, भाषण करतात. शेवटच्या पानावरच्या चार ओळी मात्र कुणा वेगळ्याच व्यक्तीच्या आहेत. निवृत्त मुख्याध्यापक डबा घेऊन बागेत का बसतात ते मला कळलं नाही, पण त्या ओळी मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवल्या. ज्या हातानं त्या लिहिल्या त्याला मूळची कथा न सुधारता पाठवायला सांगा. पंधरा दिवस अंकात जागा ठेवते."

आणि तुझ्या ओळी या:

"पप्पा टिफिन घेऊन पार्कात बसतात हे मम्मीला मालूम होतं. म्हणून ती रोज सुखी भाजी द्यायची, रस्सा शर्टवर सांडला तर पप्पा तिथे धुणार कुठे. संध्याकाळी ती विचारायची, आज साहेब काय बोलले? पप्पा सांगायचे, आणि ती पूरा ऐकायची."

मी त्या तेव्हा पहिल्यांदा वाचल्या. आणि मला कळलं की हा कथेतला बाप नाही, हा विक्रम आहे. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी रिक्षा करून तुकोगंजला गेले. त्याच्या ऑफिसात कुणी ओळख दाखवेना. मग जवळच्या बागेत गेले. विक्रम झाडाखाली बाकावर बसून डबा खात होता, मांडीवर रुमाल अंथरून. मी झाडाआडूनच परत फिरले. तुम्ही तिघं एका घरात राहून एकमेकांना सांभाळून घेत होतात आणि मला, थोरल्या बहिणीला, पत्ता नव्हता.

घरी येऊन मी ठरवलं की हे छापून येता कामा नये. इंदूरचं मराठी जग केवढंसं! दिवाळीत चार जण वाचतील आणि विक्रमला मान वर करता येणार नाही. भावाची अब्रू राखायची म्हणून कार्ड कपाटात ठेवलं, पैठणीच्या घडीत. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

वर रंगाचं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. त्या वर्षी घराला रंग दिलाच नव्हता. कार्ड आल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली, तेव्हा मी तुझ्या सातही वह्या घेऊन खाली उतरले. गाडीवाल्यानं एक उघडून बघितली. "आंटीजी, इसमें तो कुछ लिखा हुआ है." मी म्हटलं, "सूखे कचरे में डाल दो, भैया." त्यानं टाकल्या. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. हाक मारता आली असती.

अब्रूचं म्हणशील तर नाव बदलता आलं असतं, गाव बदलता आलं असतं. तुला विचारता आलं असतं. मूळची कथा माझ्या हातात होती आणि पंधरा दिवस होते. खरं ते वेगळंच आहे. तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तुझ्या वयाची होते तेव्हापासून मी कथा पाठवत होते. अठरा वर्षं पाठवल्या. अकरा कथा, आणि अकराही वेळा छापील चिठ्ठी, साभार परत. कुणी हातानं एक अक्षर लिहिलं नाही. नुसतं 'बरी आहे' असतं तरी मी त्यावर दहा वर्षं काढली असती. आणि तुला पहिल्याच हस्ताक्षरात 'जागा ठेवते'. तेही कशासाठी, तर माझा हात लागायचा राहिला तेवढ्या चार ओळींसाठी. माझा जळफळाट झाला, मधू. दुसरा शब्द मला येत नाही, आणि मराठीचे शब्द मला पुष्कळ येतात.

त्या शनिवारी तू आलीस. परत आलेलं पाकीट टेबलावरच होतं. तू ते उचललं नाहीस, उभ्या उभ्या विचारलंस, "काही लिहिलंय का गं त्यांनी? एक लाइन भी?"

मी म्हटलं, "नाही गं. नुसतं परत आलंय."

तू खुर्चीवर बसलीस. म्हणालीस, "बस झालं आत्या. माझ्यात नाहीच आहे ते." मी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "सगळ्यांनाच जमतं असं नाही, बेटा." कपाट तुझ्या पाठीमागे होतं. तू माझ्या कुशीत डोकं घालून रडलीस आणि नंतर मला थँक यू म्हणालीस.

तेव्हापासून तू ओळ लिहिली नाहीस.

या आठ दिवसांत मी जे करता येईल ते करून पाहिलं. कार्डावरच्या नंबरावर फोन लावला. त्यांच्या सुनेनं उचलला. अंक चार वर्षांपूर्वी बंद पडला, आणि शशिकलाबाई त्याच्या आधीच गेल्या. मग मी कागद घेऊन बसले, म्हटलं तुझ्या कथा कितीदा वाचल्यात, आठवून मूळच्या लिहून काढू. सकाळपासून दुपारपर्यंत बसले. मला एकही वाक्य तुझं आठवत नाही. माझीच आठवतात, निःश्वास आणि चहा. पुसताना मी किती नीट पुसलं होतं ते मला तेव्हा कळलं.

तू म्हणशील, नव्यानं लिहीन. लिहिशीलही. पण बाप रोज संध्याकाळी ऑफिसच्या गोष्टी रचून सांगतो आणि आई त्या ऐकून घेते, हे चोवीस वर्षांच्या मुलीनं दाराशी उभं राहून बघितलं होतं. ती मुलगी आता नाही. पुण्यात सात वर्षं झाली तुला. तुझ्या मेसेजात आता 'मालूम' येत नाही. मी वर सरकवत जुने सगळे पाहिले, एकदाही नाही.

प्रतींत सातव्या कथेचं पान सात सगळ्यांत वर ठेवलं आहे. विक्रम-वहिनींना यातलं काही सांगितलेलं नाही, ते तू ठरव. गणपतीला येशील तेव्हा माझ्याकडे आलीच पाहिजेस असं नाही. लिही, असं मी तुला सांगणार नाही. लिहू नकोस, हे एकदा सांगून झालंय आणि ते तू ऐकलंस.

पत्राच्या शेवटी थोरल्यांनी आशीर्वाद लिहायचा असतो. माझ्या हातानं तुझ्या डोक्यावरून फिरून काय केलं ते वर आलंच आहे. तेव्हा नुसतं नाव लिहिते.

वसुधा