चांदपाशाचा रुपया

पिशोर, ता. कन्नड
१० जानेवारी २०२५

चि. अपेक्षास,
अप्पाकाकाचे भरभरून आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला कळत नाय, मी नुसता व्हय व्हय करतो, म्हणून हे पत्र. गव्हाला पाणी चालू आहे. काकू विचारती, पोरगी वेळेवर जेवती का कारखान्यातली यंत्रंच तिला खात्यात.

गावात सध्या नाण्यांचं लई वेड आलंय. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, चुकून वेगळा छापलेला रुपया लाखाला जातो. झालं! आपल्या शेजारच्या कडुबानं एक गुळगुळीत रुपया देव्हाऱ्यात ठेवला होता, तो मी मागून आणलाय. मलाही एक सापडलाय, सिंहाच्या नाकावर गाठ आलेला. हसू नको. तू साचे बनवायच्या खात्यात आहेस, तुला ह्यातलं कळंल, म्हणून आपल्या गावचा सुदर्शन तिकडं येतोय, त्याच्या हाती पाठवतोय.

पण खरं काम तिसऱ्या नाण्याचं. ते जैतुनबीचं. तिचा नवरा चांदपाशा तुला आठवत असंल, बांगड्यांच्या दुकानाचा, माझा दोस्त. बँकेतून आणलेल्या कोऱ्या पाकिटात हा रुपया निघाला, असं तो सांगायचा. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण आत रुतलेला अन् उलटा. तो हौसेनं बाजारात दाखवायला गेला, तर सांडू आडत्या सगळ्यांदेखत म्हणाला, की पाशानं शिकंज्यात दुसऱ्या नाण्यावर दाबून सरकारी नाणं बिघडवलं. तेव्हापासून त्यानं दिलेली चिल्लर लोक फरशीवर वाजवून घ्यायचे. पाशा गेला, पण ती गोष्ट काही गेली नाय. जैतुनबी म्हणती, मला किंमत नको, खरं काय तेवढं कळू द्या. खोटं निघालं तरी तसंच लिही. मला मात्र धास्ती वाटती बघ.

माया आहेच, ती अशीच धरून ऱ्हा.
तुझा,
अप्पाकाका


बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
२१ जानेवारी २०२५

ती. अप्पाकाकांस,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

काकूंना सांगा, दोन्ही वेळ जेवते.

आधी तुमची निराशा करते. तुमच्या सिंहाच्या गाठीशेजारी खड्डा आहे. तिथं कशाचा तरी मार बसला आणि धातू सरकून बाजूला गोळा झाला. मागच्या बाजूला त्याच जागी आकडाही चेपलाय. म्हणजे टाकसाळीतून नाणं धड निघालं, नंतर कुठंतरी ठेचलं. कडुबादादांचं तर नुसतं झिजलंय, अक्षरांच्या कडा गोल झाल्यात. ते देव्हाऱ्यात राहिलं तरी देवाची हरकत नसावी.

आता जैतुनचाचींचं. जेवणाच्या सुट्टीत ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि डबा तसाच राहिला (हे काकूंना वाचून दाखवू नका). शिकंज्यात दाबलं असतं तर समोरचा सिंह चेपला असता. इथं त्याच्या आयाळीची रेघ न् रेघ उभी आहे. मागं तोच सिंह आत गेलेला, 'भारत'सुद्धा उलटं. 'एक रुपया'ची पुसट खूणही कुठं नाही. ते कुणी घासून काढलेलं नाही काका, ते कधी उमटलंच नव्हतं.

टाकसाळीत कोरी चकती दोन साच्यांमध्ये येते, ठोका बसतो, नाणं बाहेर पडतं. एकदा एक नाणं बाहेर पडलंच नाही, खालच्या साच्याला चिकटून बसलं. त्याच्यावर दुसरी चकती आली. ठोका बसला. तिला वरून साच्यातला सिंह मिळाला आणि खालून त्या अडकलेल्या नाण्याचा. आमच्याकडंही भाग अडकतात, आम्ही ते काढून भंगारात टाकतो. पण एका नाण्यानं दुसऱ्याच्या अंगावर आपला चेहरा असा सोडून जावं! आमच्या खात्याच्या प्रमुख मंजुषाताई एरवी कशालाच चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी बघितलं, बाजूला झाल्या, परत येऊन बघितलं आणि सगळ्यांना हाका मारल्या.

मी साच्यांमधली, नाण्यांमधली नाही. म्हणून शहरातल्या एका जुन्या संग्राहकांना दाखवलं. त्यांनी वजन केलं, कडेला कुठं जोड आहे का ते फिरवून पाहिलं, आणि खुर्चीतून उठून उभेच राहिले. म्हणाले, हे माणसाच्या हातून होण्यासारखं नाही.

चाचींना सांगा, चांदपाशा चाचा खरं बोलत होते. नाणं घासू नका, धुऊ नका.

काकूंना नमस्कार. तुमचा रुपया साधा निघाला म्हणून रागावलात तरी आठवण काढत जा.
आपली,
अपेक्षा


पिशोर
२ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षास,
अप्पाकाकाचे आशीर्वाद.

सुदर्शननं नाणी नीट आणून दिली. तुझं पत्र मी जैतुनबीच्या अंगणात मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता माणसं गोळा झाली. जैतुनबी उठली. आत गेली अन् पाशाच्या दुकानातला आरसा घेऊन आली, ज्यात बाया बांगड्या भरलेले हात बघायच्या तो. उलट्या सिंहाची बाजू तिनं आरशासमोर धरली.

पोरी, काय सांगू तुला! आरशात 'भारत' सुलटं झालं. रुतलेला सिंह असा वर आल्यासारखा दिसला, की मी नाण्याकडं बघू का आरशाकडं, मला कळंना. जैतुनबीला जेमतेम वाचता येतं. तिनं काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं अन् पाशा जिता असताना हसायची तशी हसली. मग सारी आळी रांगेनं बघून गेली. पायातल्या चपला काढून बघत होती माणसं. लाखाचं नाव कुणी काढलं नाय. कडुबा तर पुन्हा रांगेला लागला.

सगळ्यांच्या मागून सांडू आला. काठी टेकत वाकला अन् आरशात बघत राहिला, लई वेळ. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली अन् म्हणाला, "पाशा, खरं होतं रं तुझं."

जैतुनबीनं आरसा भिंतीला टेकवला अन् त्याला बसायला बाज पुढं केली.

इकडं आलीस की हे सारं तोंडानं सांगंन. जीव असाच लावून ऱ्हा.
तुझा,
अप्पाकाका