गुलाबी महिना आणि बाकीचे अवयव

१ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ठेवलेली बरी. पुढे लोक विचारतात.
आमच्या वर्तमानपत्राचं आरोग्याचं पान गेली अकरा वर्षं मीच लावतो. आज अख्खं पान गुलाबी, कारण हा स्तनाच्या कॅन्सरचा महिना. गुलाबी फीत, गुलाबी चौकट, हसणाऱ्या सहा बायका. मागच्या ऑक्टोबरचा अंक काढून बघितला, तर त्याच सहा. त्यातली एक मधल्या काळात डोळ्यांच्या साथीच्या बातमीतही हसत होती.
चांगलंच आहे, होऊ दे. पण बाकीच्या अवयवांनी काय घोडं मारलंय?

२ ऑक्टोबर
वर्षाचे अंक उपसून मोजले.
स्तन : एक्केचाळीस बातम्या. फुप्फुस : सतरा, प्रत्येकीत पेटलेली सिगारेट. मेंदू : नऊ, कारण एका नटाला झाला होता. रक्त : आठ, सगळ्या लहान मुलांच्या आणि सगळी मुलं शूर. प्रोस्टेट : दोन. मोठं आतडं आणि मलाशय : एक. तीही पाणीपुरवठ्याची. ‘जलाशय काठोकाठ’ छापताना ‘ज’चा ‘म’ झाला होता. दुसऱ्या दिवशी दिलगिरी.
संतापलो. पाच भागांची मालिका लिहिणार : ‘न बोललेले कॅन्सर’. पहिला भाग मलाशयावरच. पुरस्कार घेताना कुणाकुणाचे आभार मानायचे त्याची यादी केली. बायको चौथी.

४ ऑक्टोबर
संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, सकाळी वाचकाच्या हातात चहा असतो, त्यात तो शब्द विरघळत नाही. मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो की साहेब, माणसं लाजेपायी मरतात! (मूठ ठेवली. पण ठामपणे.)
ते म्हणाले, चेहरा आण. खरा पेशंट, खरं नाव, फोटो. मग अर्धं पान देतो.
सोपं आहे. आठवड्यात पाच चेहरे आणतो.

१२ ऑक्टोबर
चेहरे : शून्य.
एक मास्तर तयार झाले, पण संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन. मुलीचं लग्न ठरायचंय. एक दुकानदार म्हणाला, खुशाल छापा, फक्त आतड्याच्या जागी गुडघा लिहा. दोघांनाही मी धैर्यावर चार शब्द ऐकवले. लोकांना आपल्याच शरीराची एवढी लाज का वाटते, देव जाणे.

१३ ऑक्टोबर, सकाळी ७
संडासात रक्त. थोडंसंच.
मूळव्याध. ऑफिसची खुर्ची दगडासारखी आहे. दुसरं काही असतं तर मला कळलंच असतं. या विषयातला जाणकार आहे मी.
उशी विकत घेतली.

१९ ऑक्टोबर
चेहरा मिळाला! निवृत्त बसड्रायव्हर, वय चौसष्ट. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकटेच राहतात. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, तेव्हापासून शौचासाठी पोटाला पिशवी. म्हणाले, नाव टाका, फोटो टाका, पिशवीचाही टाका, ती काय चोरून आणलेली नाही. भरल्या गाडीत पोटात कळ आली तरी गाडी थांबवता येत नाही, म्हणून दुखणं गिळायची सवय लागली होती. रक्तही वर्षभर गिळलं. तेव्हा कुणी मानगूट धरून डॉक्टरकडे नेलं असतं, तर पिशवी टळली असती म्हणाले. फोटोग्राफर कधी येणार तेही विचारलं. दाढी करून ठेवतो म्हणाले.
मी भारावून गेलो. घरी येऊन पहिला भाग एका बैठकीत लिहिला. बैठक उशीवर. उशीचा तसा काही उपयोग दिसत नाही. जाड घ्यायला हवी.

२२ ऑक्टोबर
संपादकांनी लेख वाचला. छान म्हणाले. मग माझ्या मोबाइलवरचा ड्रायव्हरांचा फोटो बराच वेळ बघितला. म्हणाले, माणूस चांगला आहे, पण चेहरा जरा... बसड्रायव्हरसारखा आहे. कुणी तरुण नाही का? बाई? एखादी नटी?
मी कडाडून विरोध केला. मनात. कुठे माघार घ्यावी हे कळणं म्हणजेच खरं नेतृत्व.
ड्रायव्हरना कळवायचं राहिलं. उद्या.

२६ ऑक्टोबर
बायकोला रक्त दिसलं. ती भांडली नाही. टेबलावरून माझाच लेख उचलला आणि मोठ्याने वाचला : ‘पंचेचाळिशी उलटल्यावर रक्त दिसलं, तर स्वतःच मूळव्याध ठरवून मोकळे होऊ नका.’
मी म्हणालो, ते वाचकांसाठी आहे.
तिने विचारलं, मग मी आत्ता काय करतेय?
डॉक्टरची वेळ घेतली. तिनेच.

३० ऑक्टोबर
उद्या दुर्बिणीने तपासणी. ऑफिसात दाढ काढायची आहे म्हणून सांगितलं. उगाच चर्चा नको.
संध्याकाळी ५ : पोट साफ करायचं औषध घेतलं. काहीही होत नाही. आमची प्रकृतीच भक्कम.
५.२० : बायकोला हेच सांगत होतो, तेवढ्यात
६.४० : रोजनिशी आतच घेऊन बसलो आहे.

३१ ऑक्टोबर
नर्सने भर कॉरिडॉरमध्ये विचारलं, आता पाण्यासारखं होतंय ना? बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे बघितलं, म्हणजे पेशंट ती वाटावी.
डॉक्टरांना एक गाठ दिसली. तिथल्या तिथे काढली आणि तपासायला पाठवली. अशा बहुतेक गाठी साध्याच असतात. मीच लिहिलंय तसं, भाग एक, परिच्छेद चार.

८ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. कॅन्सर.
अगदी सुरुवातीचा. गाठीपुरताच होता, गाठ पूर्ण निघाली आहे, पुढे ऑपरेशन नको, वर्षाने पुन्हा तपासणी. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन वर्षं उशीवर काढली असतीत, तर मला आज वेगळं बोलावं लागलं असतं. उशीचं त्यांना बायकोने सांगितलं.
खाली येताना ती जिन्यातच बसली आणि रडली. मी तिला आकडेवारी समजावली. आकडे चुकायला लागले, तेव्हा मीही शेजारी बसलो. दोघं तिथेच बसून राहिलो. माणसं बाजूने चढत-उतरत होती.

११ नोव्हेंबर
बायको म्हणाली, घ्या, मिळाला तुम्हाला चेहरा.
दार लावून संपादकांना सांगितलं. त्यांनी मिठीच मारली. मग अर्धं पान, फोटो, पहिल्या पानावर उल्लेख, सगळं एका दमात देऊ केलं. एवढी जागा मला अकरा वर्षांत मिळाली नव्हती. विचार करून सांगतो म्हणालो.
विचार केला. पत्रकाराने स्वतः बातमीत येऊ नये, हे तत्त्व आहे. शिवाय मेव्हणा काय म्हणेल. शिवाय डेस्कवरचे सगळे अजून दाढेची चौकशी करतात.

१५ नोव्हेंबर
तोडगा निघाला : ‘एका वाचकाचा अनुभव’. निनावी. अनुभव महत्त्वाचा, नाव गौण.
‘मलाशय’ जरा बोचत होतं, ‘आतडं’ केलं. तेही नको वाटलं, ‘पोट’ ठेवलं. ‘कॅन्सर’ने वाचक घाबरतो, म्हणून ‘एक आजार’. रक्त काढून टाकलं.
बायकोने वाचून विचारलं, यातून लोकांनी करायचं काय? काळजी घ्यायची, म्हणालो.

१८ नोव्हेंबर
छापून आलं. बारा ओळी, तळाच्या कोपऱ्यात. मथळा : ‘पोट सांभाळा’. मालिका तूर्त स्थगित.
दुपारी ऑफिसात ड्रायव्हरांचा फोन. फोटोचंच विचारणार म्हणून सबबी जुळवायला लागलो. त्यांनी फोटोचं नावही काढलं नाही. ते पोटाचं वाचलं म्हणाले. लिहिणारा माणूस फार घाबरलेला दिसतो. त्याला काय झालंय ते आपल्याला कळलं. आपणही पहिले सहा महिने ‘पोट’च म्हणायचो. त्याचं नाव मला नको, फक्त माझा नंबर त्याला द्या. एकट्याने कुढत बसू नको म्हणावं. दुपारी मी घरीच असतो, कधीही फोन कर म्हणावं.
देतो म्हणालो.
त्यांनी सावकाश नंबर सांगितला. माझ्याकडे होता, तरी पूर्ण लिहून घेतला.