सासूबाईंच्या नावे निघालेले पीक सल्लागाराचे प्रमाणपत्र

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
प्रमाणित पीक सल्लागार मंडळ, विभागीय कार्यालय

विषय: माझे प्रमाणपत्र सासूबाईंच्या नावे निघाल्याबाबत.
संदर्भ: प्रमाणपत्र क्र. ४१७

महोदय,

१. मी लेखी परीक्षा पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाले आहे. दोन वर्षे आमचे टोमॅटोचे शेत माझ्याच सल्ल्याने चालते. सल्ला मी सकाळी देते, सासूबाई तो संध्याकाळी "मला सुचलं" म्हणून सर्वांना सांगतात. पीक उत्तम येत असल्याने माझी आजवर तक्रार नव्हती.

२. शेतावरील तोंडी परीक्षेस आपले परीक्षक आले, तेव्हा मी मातीचे थर दाखवण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात गळ्यापर्यंत उतरले होते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर काय समजावे, असे त्यांनी विचारले. मी तोंड उघडण्याआधीच बांधावरून सासूबाई म्हणाल्या, "लोह कमी पडलंय. पानांवर फवारा." उत्तर अचूक होते, कारण ते माझे होते. पुढची अकरा उत्तरेही तशीच गेली. परीक्षकांनी 'उत्तरे देणारी व्यक्ती' या रकान्यात त्यांचे नाव लिहिले व मंडळाने तो रकाना पाहून प्रमाणपत्र काढले.

३. आता शेतकरी रोगट पाने पिशवीत घालून आमच्याकडे येतात. सासूबाई चष्मा लावतात, पान उजेडात धरतात आणि "पुस्तकात बघून येते" म्हणून स्वयंपाकघरात येतात. पुस्तक म्हणजे मी. परवा या नादात दूध उतू गेले, त्याची बोलणीही पुस्तकानेच खाल्ली.

४. मला रोपवाटिकेत सल्लागाराची नोकरी मिळाली आहे. महिनाअखेर प्रमाणपत्र दाखवले नाही तर ती हातची जाईल. आपल्या कार्यालयातील लेखनिक म्हणतात, नाव बदलता येत नाही, फेरपरीक्षेसाठी प्रमाणित सल्लागाराची शिफारस आणा. आमच्या पंचक्रोशीत प्रमाणित सल्लागार एकच आहेत. त्या चार दिवस विचार करीत आहेत. मला मनापासून रडू येते, पण हसूही आवरत नाही.

तरी फेरपरीक्षा याच महिन्यात घ्यावी, आणि त्या वेळी खड्ड्यात सासूबाईंना उतरवावे, ही विनंती.

आपली नम्र व अद्याप अप्रमाणित,
(सही) अर्जदार सून
दि. १४ ऑगस्ट

सोबत:
१) लेखी परीक्षेचे गुणपत्रक.
२) प्रमाणपत्राची झेरॉक्स (मूळ प्रत भिंतीवरून काढू दिली जात नाही).
३) प्रमाणित सल्लागाराची शिफारस. अर्ज लिहून झाल्यावर, आज सकाळी चहाच्या डब्याखाली मिळाली. मजकूर: "उत्तरं सगळी सुनेची. मी फक्त मोठ्याने म्हटली. तिच्याइतकं पीक कुणाला कळत नाही. हे तिला कळू देऊ नये, म्हणून पाकीट बंद केलं आहे."
पाकीट चिकटवलेले नव्हते.