तिवराच्या मुळांचं चित्र

पनवेल, जानेवारी १९६४, गुरुवार संध्याकाळ

आज कॉलेजातून आले तर ओटीवर एक जवान चहा पीत बसलेला. करंजा गावचा, यांच्याच तुकडीतला, रजेवर आलेला. हे लडाखला सुखरूप आहेत, हे त्याने आधी सांगितलं. तेव्हा कुठे मी टेकले.

मग म्हणाला, "वयनी, पत्रात कालेजचं लिवायचं बंद का केलंत? ते वाचून दाखवायचे, आमी सगले वाट बगतो."

सासूबाई दारातून ऐकत होत्या. दिवाळीत त्याच म्हणाल्या होत्या, तो तिकडे बर्फात उभा, आणि तू त्याला झाडांची मुळं कसली कळवतेस? मलाही ते पटलं. तेव्हापासून नुसतं 'सर्व खुशाल' लिहीत होते. किती एकटं वाटायचं तेवढंच लिहून!

खाडीच्या चिखलातून वर येऊन श्वास घेणाऱ्या तिवराच्या मुळांचं मी पत्रात पाठवलेलं चित्र यांनी तंबूत लावलंय म्हणे. "तिथं झाडच नाय. सायबांना पन दाखवतात, बायकोनं काढलंय म्हून." ते चित्र! एसटीत, गुडघ्यावर वही ठेवून काढलेलं. जरा नीट काढायला काय झालं होतं मला?

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आज काय शिकवलं ते लिही त्याला. आधी मला सांग."

आज वनस्पतिशास्त्राच्या तासाला फूल होतं. परसातली जास्वंद आणून मी त्यांच्या तळहातावर उलगडली. बोटाला लागलेले पिवळे परागकण त्यांनी मी लिहायला घेतलेल्या पत्राच्या कोपऱ्यात हलकेच टेकवले.

"हेही जाऊ दे त्याच्याकडे," म्हणाल्या.