मे महिन्यातला चिखल्या

१४ मे
मास्तरांनी फोटो पाठवला. खाडीच्या चिखलात एकटा चिखल्या पक्षी, करडा. थंडीतला पाहुणा, एव्हाना उत्तरेला गेलेला असायला हवा. "दुर्मिळ म्हणून लिहून दे, खाडी वाचली समज." आमच्या पक्षीमंडळाच्या मास्तरांना सगळ्याचीच घाई!

खाडीत माती टाकून भराव घालायचाय, त्याच्या सुनावणीत पक्ष्यांची जाणकार म्हणून मत मला द्यायचंय. भराव घालणारी कंपनी दादाची — म्हणजे तो तिथे नोकरीला. डोकं उठलंय.

१६ मे
दादा आला. दारातूनच बोलला. "साहेबांचा निरोप आहे. पक्षी दुर्मिळ वाटला तर खुशाल तसं लिही म्हणाले."
"आणि तुझं काय म्हणणं?"
"मी निरोप्या."
चहाला थांबला नाही.

१७ मे
दोन्हीकडच्यांना एकच शब्द कसा हवा? भांडी घासताना परवानगीची अट आठवली आणि डोक्यात प्रकाश पडला. भराव फक्त उन्हाळ्यात, कारण तेव्हा पाहुणे पक्षी नसतात. दुर्मिळ म्हणजे वाट चुकलेला एखादा — त्याच्यासाठी काम कोण थांबवणार? मास्तर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत.

फोन करून सांगितलं. "भावाची बाजू घेतेयस," म्हणाले आणि ठेवून दिला.

२० मे
ओहोटीला खाडीवर गेले. गुडघाभर चिखल. बराच वेळ काहीच नाही. खरंच एकटाच असला तर दुर्मिळच लिहावं लागणार.

मग पाण्याच्या कडेला हालचाल. सात-आठ! सगळे करडे, छातीवर विणीचा तांबूस रंग नाही, पंख झिजलेले. गेल्या सालची पोरं. घरटं करायचं वय नाही, मग एवढ्या लांब उडायची कटकट कशाला? अशी पोरं उन्हाळा इथेच काढतात. दुर्मिळ अजिबात नाही, नेहमीचंच.

इतका आनंद झाला! आणि लगेच दादाची पोरं आठवली. हे लिहिलं की काम बंद, त्याची नोकरीही जाणार.

२१ मे
लिहून दिलं. भीती वाटतेय.

२९ मे
भराव थांबला. उन्हाळ्यातही पक्षी असतात म्हटल्यावर परवानगीच रद्द. दादाला कंपनीने काढलं. वहिनी फोन उचलत नाही. मीच घर बुडवलं.

३० मे
दादा येऊन गेला. म्हणाला, "सुनावणीसाठी खरं लिहिणारी म्हणून तुझं नाव मीच कळवलं होतं. साहेबांना ते आत्ता कळलं, त्यावरून काढलं."