तुमची लोखंडी पट्टी, माझा विरघळणारा स्क्रू

नाना, तुम्ही मेलात त्याला इतकी वर्षं झाली तरी लोक अजून मला तुमचीच गोष्ट ऐकवतात. केळीने भरलेल्या ट्रॉलीवरून पडलात, मांडी मोडली, जळगावला आत लोखंडी पट्टी टाकली आणि टाके निघायच्या आधीच तुम्ही चालत शेतात गेलात. काय तर पराक्रम! "लोखंड शे आत, वाकाव नही," म्हणत मांडीवर थाप मारायचात. त्या एका थापेवर तुम्ही जन्म काढलात. आई तापाने फणफणली तरी तिला उठवायचात. मला चौथीतून काढलंत आणि केळी कापणाऱ्या टोळीमागे घड वाहायला लावलंत. मी दमून बांधावर टेकले की सगळ्या मजुरांसमोर म्हणायचात, "बठनं का मढं?" मढं. पोटच्या पोरीला. मुकादम तुम्हीच, मग तुमच्या तोंडाला कुलूप कोण लावणार.

आता माझा घोटा मोडला. चोपड्याच्या शेडमध्ये आम्ही केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवून खोक्यात भरतो, तिथली फरशी कायम निसरडी. पाय सरकला आणि झालं. जळगावच्या डॉक्टरीणबाईने आत स्क्रू टाकला तो लोखंडाचा नाही, विरघळणारा. हाड जुळत जातं तसा हा हळूहळू जिरून जातो, काढायला पुन्हा कापाकापी नको. मी विचारलं, उभी कधी राहू? ती म्हणाली, "मी सांगेन तेव्हा, मावशी. तोवर पाय जमिनीला लावायचा नाही." आणि कारण सांगितलं, तुमच्यासारखं ओरडून नाही. पाय निवांत ठेवला तर स्क्रू आपल्या वेळेने विरतो. त्याच्यावर वजन पडत राहिलं, झटके बसले, पीळ पडला, तर त्याला बारीक चिरा जातात. चिरांतून अंगातलं पाणी आत शिरतं आणि हाड कच्चं असतानाच तो संपतो. मग घोटा सरकतो. पुन्हा ऑपरेशन, आणि त्यातून जुळेलच असं नाही. मला शेडमध्ये दिवसभर उभं राहावं लागतं. घोटा गेला तर माझं काम गेलं, आणि दुसरं काम मला येत नाही, ते तुमच्याच कृपेने.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, भाऊने गाडी करून मला धुळ्याला माहेरपणाला नेलं. तिथे वेगळाच तमाशा. वहिनीने 'विरघळणारा' एवढा एक शब्द ऐकला आणि तिला तो गुळाच्या खड्यासारखाच वाटला. आंघोळीला माझ्या पायावर पिशव्या बांधायची, जेवताना तांब्या लांब सरकवायची. "जास्त पानी नको पिऊ माय, स्क्रू इरघळी जाई!" आणि हीच बाई मला म्हणे, जरा ओट्यापर्यंत चालून ये, पाय मोकळा होईल. पाणी नको, चाललेलं चालेल! अकलेचा कांदा नुसता. भाऊ तिच्याहून शहाणा. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाला, "यामा स्क्रू कोठे शे? नुसतं भोक शे. तुले फसाडी दिधं त्यास्नी." असला स्क्रू एक्स-रेत दिसत नाही हे डॉक्टरीणबाईने आधीच सांगितलं होतं. पण ह्याला लोखंड डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटायचं कसं? तुमचाच मुलगा.

सणाच्या सकाळी तुमच्या नावाची घागर भरायची होती, वर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. भाऊचा हट्ट, की नानांची घागर लेकीनेच नळावरून उचलून आणायची. मी म्हटलं, मला पाय टेकवायचा नाही, वहिनी आणेल.

"नानानी पोर शे ना तू? नाना तर पट्टी टाकीसन वावरमा गयथात!"

"मग तहान लागली असेल तर त्यांनाच उठून पिऊ दे," मी म्हटलं. "चालायची हौस त्यांनाच होती."

वहिनीने तोंडाला पदर लावला. भाऊ लालबुंद. पितरांच्या सणाला असं बोलतेस, ऊठ, नाहीतर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस, म्हणाला. मग मीही सोडलं नाही, त्याला म्हटलं: राख सावडली तेव्हा ती पट्टी फडक्यात बांधून तूच आणली होतीस ना रे घरी? मी फडकं सोडून पाहिली होती. मधोमध वाकलेली, स्क्रूंची डोकी तुटलेली. आणि तू ती घाईघाईने तापीत टाकून आलास, कोणी पाहू नये म्हणून. ती चालून चालून वाकवली त्यांनी, आणि पुढचा सगळा जन्म लंगडत, कण्हत, आम्हाला शिव्या देत काढला. हा तुझा पराक्रम!

घागर भाऊनेच आणली. अर्धं पाणी दारातच सांडलं.

तुमची पट्टी निदान लोखंडाची होती, वाकून का होईना अंगात राहिली. आई लोखंडाची नव्हती. तिला कोणी सांगितलं नाही की थांब, अजून कच्चं आहे. तुम्ही तिच्यावर वजन टाकत गेलात आणि ती तुमच्या आधी संपली. तेव्हाही तुम्ही मांडीवर थाप मारत ओट्यावर बसला होतात.

हे लिहिलंय ते कुठे धाडायचं नाही. तुम्हाला तसंही वाचता येत नव्हतं. पण एक सांगून टाकते. परवा जळगावला गेले. डॉक्टरीणबाईने एक्स-रे पाहिला, घोटा दाबला, हलवला आणि म्हणाली, जुळलंय, टाका वजन. मी टेबलाची कड धरून पाय टेकवला. घाम फुटला. अशा वेळी बाईच्या तोंडातून 'आई गं' निघतं. माझ्या तोंडातून 'नाना' निघालं.

"कोण नाना, मावशी? बाहेर थांबलेत का? बोलवू?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."